सिदूच्या घरची काठी

सिदूच्या नातीचं, म्हणजे संगीताच्या थोरल्या लेकीचं, संस्कृतीचं, लग्न ज्या वर्षी झालं त्याच वर्षी सिदूच्या अंगावरून वारं गेलं. लग्न माघात झालं, चौसाळ्याच्या कार्यालयात. वऱ्हाड वाटेला लागलं होतं, खुर्च्या अजून टेम्पोत चढायच्या होत्या, आणि सिदू हात धुवायला म्हणून उठला तो उजव्या अंगावर कलंडला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवा हात आणि पाय लाकडासारखे झाले होते. जीभ जड पडली होती. शब्द यायचा, पण विहिरीतून पाणी शेंदल्यासारखा, दमानं.

जत्रा दोन महिन्यांवर आली होती. हिवरदऱ्याच्या बिरोबाची जत्रा चैत्राच्या पुनवेला भरते आणि त्या दिवशी माळावरच्या देवळासमोर धनगरांच्या काठ्या उभ्या राहतात. काठी म्हणजे सरळ वाढलेला अखंड वेळू. माडीच्या घराहून उंच, लाल-पिवळ्या फडक्यांनी गुंडाळलेला, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. कमरेला घोंगड्याची झोळी बांधायची, तिच्यात वेळूचा बुडखा ठेवायचा, काठी उभी धरून देवळाच्या पायऱ्या चढायच्या आणि शेंडा कळसाला टेकवायचा. शेंड्यापासून चार दोर सोडलेले असतात. ते भावकीतली माणसं चार बाजूंनी ताणून धरतात, नाहीतर एवढा वेळू वाऱ्यावर उभा राहत नाही.

पहिली काठी सिदूच्या घरची. ती टेकल्याशिवाय दुसरी उठत नाही. ज्या घरची काठी एक जत्रा उठली नाही त्या घरचा मान गेला, मग तो परत येत नाही. आणि काठी बाईनं उचलायची नाही.

सिदूला दोन मुली. थोरली वनमाला, धाकटी संगीता. मुलगा नाही.

वनमाला बीडला पोलिसात होती. बापासाठी रजा काढून आली होती. तिला जिल्हा ओळखायचा तो पोलीस म्हणून नव्हे, बांबूउडी मारणारी म्हणून. देशात पहिली यायची ती. एकदा नव्हे, सलग पाच वर्षं तिच्या पुढं कोणी गेलं नव्हतं.

तिची सुरुवात ओढ्यावर झाली. लहानपणी बापाच्या मागं मेंढरं वळायची. शेळ्यांना पाला पाडायची लांब आकडी तिच्या हातात असायची. भादव्यात ओढा भरला की मेंढरं पुलाकडून फिरवून न्यावी लागायची. वनमालाला तेवढा दम नसायचा. ती पळत यायची, आकडी ओढ्याच्या मधोमध रोवायची आणि पलीकडं जाऊन पडायची. एकदा शाळेचे जीवन मास्तर बूट हातात घेऊन अलीकडं अडकले होते. तिनं त्यांची पिशवी गळ्यात अडकवली, पलीकडं नेऊन ठेवली आणि तशीच परत आली.

"पुन्हा एकदा उडून दाखव," मास्तर म्हणाले.

"कावून? पिशवी तर नेली."

"मला बघायचंय."

"बघायचंय तर पिशवीत अजून काय असंल ते द्या. फुकट कोण उडतंय."

मास्तरांनी बूट दिले.

पुढं ते तिला बीडला स्पर्धेला घेऊन गेले. तेव्हा मुलींची बांबूउडी नवीनच निघाली होती, उड्या मारणाऱ्या पोरी बोटावर मोजण्याइतक्या. सिदू मेंढरं बायकोवर, छबुबाईवर, टाकून सोबत गेला. मैदानाच्या कडंला घोंगडं पसरून बसला आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. वनमाला पळायची, बांबू रोवायची, आडव्या दांडीवरून स्वच्छ जायची, आणि सिदू कपाळाला हात लावायचा. गेवराईकडच्या एका पोरीनं दांडी पाडली तेव्हा मात्र तो शेजाऱ्याला म्हणाला, "शिवली बघा. ही पयली येणार."

संध्याकाळी वनमालाच्या गळ्यात पदक घातलं. सिदूनं मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, एक इचारू का? पोरगी एकदाबी शिवली न्हाई. मंग पयली कशी?"

मास्तर हसत हसत खाली बसले.

"हसायला काय झालं?" सिदू चिडला. "काठी कळसाला शिवल्याबिगर तिचं सार्थक न्हाई. आमी जत्रंत एवढा जीव कशापायी काढतो?"

त्याला समजावून सांगितलं. समजलं, पण पटलं नाही. इतकी वर वर जायची आणि कशालाच शिवायचं नाही, हा खेळ त्याला अखेरपर्यंत थोडा येडाच वाटला. तरी पोरीला त्यानं अडवलं नाही. गावात बोलणं सुरू झालं की अशा उड्यांनी पोरीचं पोट सरकंल, मूल राहायचं नाही. सिदूच्या चुलतभावानं पारावर हे चारचौघांत काढलं. सिदू म्हणाला, "पोरीच्या पोटाची काळजी तिच्या मायला हाय. तू तुज्या पोटाचं बघ, धोतरात मावना झालंय."

मग पुण्याचं वसतिगृह. तिथं फायबरचा पोल हातात आला. वेळू ताठ राहतो, हा धनुष्यासारखा वाकतो. पहिल्या दिवशी तो वाकला तेव्हा वनमालाला वाटलं मोडला, आणि तिनं हात सोडून दिले. गादीवर पडली ती पाठीवर, सगळं मैदान हसलं. महिनाभरात तिला कळलं की वाकतो तेव्हा भ्यायचं नाही, तेव्हाच त्याच्यावर सगळा भार टाकायचा, मग तो फेकतो. पाय वर, डोकं खाली, अंगाला पीळ, आणि हात सोडायचा. वर एक क्षण असा यायचा की काहीच धरलेलं नसायचं. त्या क्षणासाठी ती बाकीचं सगळं सहन करायची.

सहन करायला पुष्कळ होतं. एका स्पर्धेत वारा उलटा आला, पोल पुरता उभा झालाच नाही, आणि ती गादी सोडून मातीवर खांद्यावर पडली. खांदा मोडला. निवड करणाऱ्यांतले एक गृहस्थ भेटायला आले, सफरचंदं घेऊन. म्हणाले, खूप नाव कमावलंस, आता घरसंसार बघ. वनमालानं सफरचंद खाल्लं. दीड वर्षानं ती त्याच मैदानावर त्यांच्या समोर उतरली आणि आयुष्यातली सगळ्यात उंच उडी तिथं मारली. पेपरवाल्यानं विचारलं, यशाचं श्रेय कुणाला? ती म्हणाली, खांद्याला.

लग्न तिनं केलं नाही. गावात म्हणायचे, काठीसंगं लगीन लावलंय हिनं. ती म्हणायची, "काठी दारू पीत न्हाई, तेवढं तरी बरं हाय."

खेळ सोडला त्या साली गावानं जत्रेत तिचा सत्कार केला. विजयसिंह म्हणून वरच्या आळीचे मोठे बागायतदार पुढारी, त्यांनी शाल घातली, नारळ दिला, आपल्या मातीची लेक म्हणून लांब भाषण केलं. टाळ्या संपतात न संपतात तोच ढोल वाजला. काठ्या उठायची वेळ झाली होती. देवळाचे पुजारी आश्रुबा, तेव्हाच सत्तरी ओलांडलेले, हात उंचावून ओरडले, "बाया मागं सरा." आणि वनमाला खांद्यावर शाल, हातात नारळ अशी इतर बायांबरोबर देवळाजवळच्या चिंचेच्या मागं जाऊन उभी राहिली. बापानं काठी उचलली ती तिनं फांद्यांतून पाहिली. शाल तिनं त्या रात्री बकरीच्या पिलाखाली अंथरली. पुन्हा ती जत्रेला आली नाही.

आता बापच बाजेवर होता.

जत्रेला आठवडा राहिला तेव्हा सुग्रीव दारात आला, ट्रॅक्टर आणि भावकीतली चार माणसं घेऊन. सुग्रीव म्हणजे सिदूच्या धाकट्या भावाचा मुलगा. वनमालाहून लहान, तिला अक्का म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. काठी वळचणीला आडवी टांगलेली होती. तो तिच्याकडं बघतच बोलला.

"अक्का, काठी न्यायला आलोय. काकाचं असं झालं, यंदा मी उचलतो."

"आन पुढल्या साली?"

"पुढल्या सालचं पुढल्या साली बघू."

"म्हंजी तुज्या वळचणीला बघू."

सुग्रीवनं मान खाजवली. "मंग काय करायचं, अक्का? या घरात गडीमाणूस न्हाई."

"मी हाय की."

माणसं हसली. त्यांत सटवा होता, त्याला राहवलं नाही. "अक्का, ही तुमची फायबरची न्हाई. देवाची हाय."

वनमाला इतकी वर्षं पोलिसात राहिलेली, तिच्या तोंडात बाप्यांचा 'बे' बसला होता. "सटवा, तू जन्मात कधी काठी उचलली का बे?"

"दोर धरलाय."

"दोर म्हशीलाबी असतो."

सटवाच्या शेजारचा हसला. सुग्रीवचा आवाज चढला. "अक्का, गमजा नगं. बाईचा हात लागत न्हाई, तुला ठावं हाय."

"बारा महिने ती हितं लटकती. जळमटं कोण काढतं? करंजीचं तेल कोण चोळतं? माय चोळती. तवा इटाळ न्हाई, आन जत्रंच्या दिशीच होतो व्हय?"

"मला कावून मधी घेती, बाई," छबुबाई दारातून म्हणाली आणि पदर पुढं ओढला. पण आत गेली नाही.

वनमाला ओट्यावर बसली, बरोबर काठीच्या खाली. "न्यायची तर न्या. मला उचलून बाजूला ठेवा आन न्या. हात लावायचा कोणी, तेवढं आधी ठरवा."

कोणी हात लावला नाही. ट्रॅक्टर रिकामा गेला. जाताना सुग्रीव म्हणाला, "दोर कोण धरंल ते बघतो मी."

आत बाजेवर सिदूनं सगळं ऐकलं होतं. वनमाला पाणी घेऊन गेली तर त्यानं डाव्या हातानं पेला सारला.

"दे... त्याला."

"न्हाई देत, आबा."

"देव... कोपल."

"माज्यावर कोपल. तुमी कावून भेता?"

सिदूच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यानं ते आताशा लवकर यायचं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "माज्या... साठी... नगं."

"तुमच्यासाठी न्हाईच उचलत," वनमाला म्हणाली. "माज्यासाठी उचलते. जगात कुठंबी मला काठी धरू दिली, आन माज्या बापाच्या काठीपाशी मला चिंचंमागं उभं केलं. मान या घरचा हाय. या घरात मी जन्मले. मी मागत न्हाई कुणाला."

सिदूनं तोंड भिंतीकडं केलं. जत्रेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. ती खाऊ घालायची, अंग पुसायची, कूस बदलायची, तो भिंतीकडं बघायचा.

ती आश्रुबाकडंही गेली. म्हातारा देवळामागं घोंगडीवर ऊन खात बसला होता. म्हणाला, "पोरी, तुज्या काठीवर मी भंडारा उधळायचा न्हाई."

"मी उधळीन."

"इचारायला आलीस का भांडायला?"

"इचारायला न्हाई आले, बाबा. सांगायला आले. ऐन टायमाला तुमाला धक्का बसू नये म्हणून."

सकाळच्या पारी ती काठी खांद्यावर घेऊन मोकळ्या रानात जायची. पोल धरायची सवय इथं कामाची नव्हती. तो आडवा धरून पळायचं असतं, ही उभी धरून चालायची. पोलाचं ओझं पुढं ओढतं, हिचं कुठल्याही बाजूला ओढायचं. दोनदा वेळू तिच्या हातून सुटून तुरीच्या काडांत पडला. जुना खांदा रात्रभर ठणकायचा. छबुबाई मागं मागं यायची, पुटपुटायची, काठी पडली की आधी काठीच्या पाया पडायची आणि मग लेकीला विचारायची, लागलं का.

पुनवेच्या दिवशी संगीता केजहून जीपनं आली. सिदूला बाजेसकट टेम्पोत घालून माळावर नेलं. तो नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. डोंगराच्या कडंवरच्या पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. वनमालानं त्यांच्याकडं बघितलं आणि वारा कुठल्या अंगानं आहे ते मनाशी धरलं.

देवळासमोर माणसांचा वेढा पडला होता. ढोल थांबले. आश्रुबा ओरडले, "बाया मागं सरा." बाया सरल्या. वनमाला सरली नाही. तिनं साडीचा काचा मारला होता, कमरेला बापाचं घोंगडं. काठी पायऱ्यांसमोर आडवी पडली होती, चार दोर मातीत पसरलेले.

"दोर धरा," ती म्हणाली.

भावकी हाताची घडी घालून उभी राहिली. सुग्रीव पुढं, त्याच्या मागं सगळे. सटवा पायाच्या नखांकडं बघत होता. सुग्रीवनं आधीच सांगून ठेवलं होतं, जो दोर धरील तो आमच्यातला नाही.

वनमालानं थोडा वेळ वाट बघितली. मग वाकून बुडखा पहिल्या पायरीला अडवला. संगीता गर्दीतून निघाली आणि तिनं एक दोर उचलला. छबुबाईनं दुसरा उचलला. लोकांत कुजबुज झाली, कोणीतरी शिटी मारली. दोन दोरांवर काठी राहत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

तेव्हा चिंचेमागून चतुराबाई आली. चतुराबाई म्हणजे सुग्रीवची आई, वनमालाची चुलती. साठी उलटलेली, अंगानं जाड, तोंडानं फाटकी.

"काकी, तू मागं हो," सुग्रीव म्हणाला. तो आईला काकीच म्हणायचा, एकत्र घरातली सवय.

"सरक," चतुराबाई म्हणाली. "या घरात मी बी नांदले. दिरानं काठी उचलायची आन आमी पुरणाच्या पोळ्या लाटायच्या, चाळीस वरसं चिंचंचं बूड बघितलं. एकदा शेंडा बघू दे."

"लोक काय म्हणतील?"

"तुला काय म्हणायचं ते म्हण, आन रातच्याला जेवायला तूच वाढून घे."

तिनं तिसरा दोर मनगटाला गुंडाळला. चौथा मातीत पडून राहिला. तो कोणीच उचलला नाही.

वनमालानं शेंड्याकडून काठी डोक्यावर घेतली आणि हातामागं हात टाकत बुडख्याकडं चालत आली. काठी उठत गेली. अर्ध्यावर ती जड होते, सगळ्यांची तिथंच फजिती होते. वनमालाचा खांदा आतून कळवळला. तिनं दात आवळले, आणखी एक हात टाकला, आणि वेळू उभा राहिला. मग गुडघे वाकवून तिनं बुडखा झोळीत घेतला.

वारा आला. चौथ्या दोराच्या बाजूला आवरायला कोणी नव्हतं. काठी उलट्या अंगाला झुकली, माणसं ओरडत मागं पळाली. वनमाला काठीला ओढत बसली नाही. ज्या बाजूला ती पडत होती तिकडंच स्वतः दोन पावलं धावली, तिच्या खाली गेली आणि पुन्हा उभी केली.

"चतुरे, ताण," छबुबाई किंचाळली.

"ताणतेच की. तू तुजा बघ."

पायरीमागून पायरी. घाम डोळ्यांत गेला तर तो पुसायला हात नव्हता. शेवटच्या पायरीवर तिनं वर बघितलं. मोरपिसं कळसाच्या अलीकडं डोलत होती. तिनं छाती पुढं काढली आणि काठी कलती केली. शेंडा कळसाला टेकला. तांब्याचा बारीक आवाज झाला.

कोणी चांगभलं म्हणालं नाही. वनमालानं कनवटीचा भंडारा काढला आणि स्वतःच उधळला. तो वाऱ्यानं तिच्याच अंगावर आला.

काठी उतरवून तिनं कट्ट्याला टेकवली आणि वळली. बाकीच्या घरांच्या काठ्या आडव्याच होत्या. त्या उचलल्या तर हिची काठी पहिली मानली असं होणार होतं. नाही उचलल्या तर देव काठ्यांवाचून तसाच राहणार होता, आणि ऊन उतरत चाललं होतं. सगळे आश्रुबाकडं बघायला लागले. आश्रुबा कळसाकडं बघत होते.

"टेकली," वनमाला मोठ्यानं म्हणाली. "आता तुमच्या उठवा, न्हाईतर घरी घेऊन जा. माजं काम झालंय."

मग दुसऱ्या मानाचा गडी, लांडग्यांच्या घरचा, त्यानं हातावर थुंकी लावली आणि वाकला. "चला बे, उन्हं चालली," एवढंच म्हणाला. आश्रुबांनी नाइलाजानं हात वर केला. ढोल वाजला. सुग्रीव आपली माणसं घेऊन माळ उतरून गेला. पुढच्या साली आपण वेगळी काठी काढू, असं तो पायथ्याला सगळ्यांना सांगत होता. काढली त्यानं. ती शेवटून दुसरी उठते.

वनमाला टेम्पोपाशी गेली. सिदू उशीला टेकून बसला होता, तोंड देवळाकडं. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्याकडं बघितलं.

"वाकडी... धरली," तो म्हणाला.

"चौथा दोर नव्हता, आबा."

"तरी... वाकडी."

"बरं. पुढल्या साली सरळ धरीन."

सिदूनं डावा हात उचलून तिच्या केसांतला भंडारा झाडला. झाडता झाडता थोडा स्वतःच्या कपाळाला लावला. मग ड्रायव्हरला मानेनंच खुणावलं, चल.

काठी त्या दिवशी परत सिदूच्याच वळचणीला गेली. तिथंच आहे. दर चैत्रात वनमाला बीडहून येते आणि उचलते. आता चार दोर धरायला माणसं मिळतात, त्यांत दोन बाप्येही असतात. सिदूनं मात्र तिला उचलताना पाहिलं ते तेवढंच. तो त्याच वर्षी ज्येष्ठात, मृग निघाल्यावर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी आपल्या घरी वारला.